डोक्यावरची भूमी

डोंगराच्या पोटात बसलेल्या लेण्याद्रीच्या गिरिजात्मजाला वंदन करून, आज विजयादशमीस सरस्वतीपूजन आटोपताच हे लिहावयास बसलो आहे. पाटावर पोथ्यांशेजारी माझी एक विज्ञानकथाही मांडली आहे. ती छापली गेली नाही. का, ते सांगतो.

जन्मभर संस्कृत शिकवले. निवृत्तीनंतर विज्ञानकथांचा नाद लागला. त्यांतही भूगर्भातील वसाहतींच्या कथा मला विशेष प्रिय. परंतु त्यांतली माणसे भूमीच्या पोटात जातात ती रिकाम्या गोदामात सामान हलवावे तशी, हे मला सलत असे. म्हणून मीच एक कथा लिहिली. वरचे ऊन सोसवेनासे झाल्यावर जुन्नरची माणसे डोंगरात राहायला जातात. दातेरी चाक फिरवीत प्रचंड यंत्र कातळ कापत बोगदा पाडते. मोठी दालने मात्र लेण्यांप्रमाणे छतापासून खाली कोरीत आणतात, म्हणजे परांची बांधावी लागत नाही.

सकाळी जमिनीवर पाय टेकण्यापूर्वी पादस्पर्शाबद्दल भूमातेची क्षमा मागण्याची आपली रीत आहे. माझ्या वसाहतीत ती मोडलेली नाही. पण तिथे भूमी पायाखाली आहे, तशी डोक्यावरही आहे. म्हणून निजण्याच्या खोल्या मुद्दाम ठेंगण्या ठेवल्या आहेत. माणूस उठला की आधी खाली हात लावतो, मग छताला.

दिवाळी अंकाचे तरुण संपादक घरी आले. म्हणाले, "गुरुजी, यंत्र झकास जमलंय. तेवढं ते क्षमा मागणं काढा. विज्ञानकथेत देवधर्म कशाला? वाचक हसतील."

"हसू देत."

"मग छापता येणार नाही."

"नका छापू."

स्वयंपाकघरातून आमची ही म्हणाली, "पावसाळाभर घरात नुसता बोगदा खणलात, आणि आता नका छापू?"

मी कथा उचलली आणि नवरात्रात, सायंआरतीनंतर, आमच्या डिंगोरे गावच्या देवळात सर्वांसमोर वाचली. क्षमेचा भाग तर अंमळ मोठ्यानेच.

शेजारचा शेतकरी म्हणाला, "गुरुजी, लई भारी. पण पाताळ म्हंजे राक्षसांचं. आपण तिथं ऱ्हायचं व्हय?"

"आपला गिरिजात्मज कुठे राहतो?"

"त्यो पायऱ्या चढून वर हाय की, राव!"

सभामंडप हसला. मीही हसलो. पण मागे बसलेल्या एका वृद्धेला हसू आले नव्हते. तिने विचारले, "आन् बाळंतीण? तिनं छताला हात कसा लावायचा?"

"तिला माफी हाय," शेतकरी म्हणाला.

"कुणी दिली? तू?"

त्यावर जे रण माजले त्यात प्रसाद निवून गेला. रीत असावी की नसावी, हे एकानेही विचारले नाही. ती कशी पाळायची, एवढ्यावरच सारे भांडत होते.

परवा संपादकांचा फोन आला. "निदान ते क्षमेचं थोडं आटोपशीर करा."

आज पूजेपूर्वी मी कथेत भर घातली: बाळंतिणीच्या वतीने घरातल्या कुणीही छताला हात लावावा. कथा लांबली आहे. पाटावरून उठेल ती अशीच उठेल, आणि जो अशीच छापील त्याच्याकडेच जाईल.

वाचकहो, तुमच्या घराची भुई तुम्हांला धरून ठेवो, छत तुम्हांला जपो, आणि त्या दोहोंमध्ये लेकराबाळांसह तुम्ही सुखाने नांदा. शुभं भवतु.