धाकलूचं ‘हं’

पोस्टरवर आता एकच नाव असतं. प्रज्योत. आधी ‘सुपा सर्किट’ हे बँडचं नाव असायचं आणि त्यात दोघं असायचे. प्रज्योत कीबोर्ड-लॅपटॉपवर, त्याचा चुलतभाऊ धाकलू गुमटावर. गुमट म्हणजे तोंडाला चामडं बांधलेलं मातीचं मडकं.

नंदिगड्ड्यात दोघांचं अंगण एकच. शिमग्याला वाड्याच्या मांडावर, म्हणजे सणाच्या अंगणात, गुमट वाजतं, पण एकट्यानं वाजवायचं नसतं. शेजारी झांज लागतेच. लहानपणापासून धाकलूशेजारी प्रज्योतच झांज धरायचा. पहिल्या थापेआधी धाकलू घसा साफ करतो. ‘हं.’ तोच इशारा.

गणेशगुडीच्या एका रिसॉर्टवाल्यानं प्रज्योतला सांगितलं, “मडकंवाला नको. एकटाच ये.” धाकलूच्या थापा रेकॉर्ड केलेल्या होत्याच. प्रज्योतनं त्या कीबोर्डच्या बटणांवर चढवल्या. धाकलूला म्हणाला, “कार्यक्रम बंद झालेत रे.”

मी धारवाडहून एम.ए. करून गावी परतलो होतो. प्रज्योत माझा मित्र, म्हणून ऐकायला गेलो. राफ्टिंग करून आलेले पाहुणे नाचत होते. त्यानं बटण दाबलं. स्पीकरमधून आलं, ‘हं.’ मग थाप. पाहुणेही ओरडले, “हं!”

स्वयंपाकघराच्या दारात धाकलू उभा होता. कंद पोचवायला आलेला. कंदांची बुट्टी अजून डोक्यावरच.

गाणं संपलं तसा तो पुढं आला.

“बंद झालेत न्हवं कार्यक्रम?”

प्रज्योतनं स्पीकरचा आवाज कमी केला.

“आणि माझा घसा कशाला ठेवलास? तेवढा तरी कापायचा.”

“कापला की मला सुरुवातच सापडत न्हाई.”

“मग मला काढून काय मिळवलंस, मर्दा?”

धाकलू हसला. बुट्टी उतरवून निघून गेला.

प्रज्योत एकटा वाजवत राहिला. एकदा म्हणाला, “बटण दाबलं की वाटतं, त्यो बाजूला बसून बघतोय.”

शिमगा आला. प्रज्योत मांडाच्या कुंपणाबाहेरच थांबला. धाकलूनं गुमटाचं चामडं शेकलं. झांज शेजारी ठेवली. वाड्यातले लखूमामा ती उचलायला वाकले. धाकलूनं त्यांचा हात धरला.

“कुंपण राखायला ठेवलंय काय रे तुला? ये हिकडं.”

प्रज्योत आत गेला. बसला. झांज घेतली.

“हं.”

प्रज्योतचे हात उठलेच नाहीत. मान खाली.

धाकलूनं थाप मारली नाही. थांबला.

मग त्यानं पुन्हा घसा साफ केला.