दादाच्या फोनवरचा ओटीपी

खिडकीबाहेर शेजारी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडतोय. निम्मी काच साफ होईतो उरलेली आणखी पांढरी होते. मी इथे टोरांटोत बसून भारतातली राहिलेली टॅक्स रिटर्न भरतोय. माझं जुनं सिम सांगलीत दादाच्या फोनमध्ये आहे, त्यामुळे प्रत्येक ओटीपी त्याच्याकडेच जातो.

"आता आठवला का देश?" म्हणत तो मुद्दाम एकेक आकडा सावकाश सांगतो. वेळ संपते.

"मागव परत. मी रिकामाच बसलोय."

मी दातओठ खात परत मागवतो. आई गेल्यापासून आम्ही दुसरं काही बोललेलो नाही. रागही बर्फासारखाच, खरवडला तरी पुन्हा धरतो.

नंबर बदलायची सोय त्याच वेबसाइटवर आहे. मी तो बदलत नाही, आणि दादाही कधी बदल म्हणत नाही.