कातळ उघडणारी हाक

भांडुपच्या श्रुतिकाने रंगवलेला कातळ कुणालाच हार जात नव्हता. मोबाइलवरच्या तिच्या चित्रकथेचा हा दगडी अंगाचा नायक. तोफा, विजा, विष, सगळं त्याच्यावरून ओघळून जायचं. वाचक आधी खूश होते, मग कंटाळले.

"अगं, याला काही होतच नाही तर बघायचं काय?" संपादक मिहिर वैतागला. "कुणीतरी भारी पडणारा आण ना."

तिने घोगऱ्या आणला. हा खलनायक दगड फोडत नसे, आईच्या आवाजात हाक मारत असे. "बाबल्या, दार उघड रे," तो म्हणाला आणि कातळाची छाती आपणहून उघडली. आपल्या माणसापासून स्वतःला कसं वाचवायचं, हे त्या दगडाला ठाऊकच नव्हतं. भाग तुफान गाजला.

शेजारच्या नितेशने कौतुकाने तो श्रुतिकाच्या वडिलांना, राजारामांना दाखवला. ते वाचता वाचता थांबले. त्यांची आई द्रौपदी लॉकडाऊनमध्ये गावी वारली, तेव्हा त्यांना जाता आलं नव्हतं. शेवटपर्यंत ती त्यांना "बाबल्या, बाबल्या" अशी हाक मारत होती, हे त्यांनी फक्त लेकीला सांगितलं होतं.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, "माझ्या आवशीची हाक तू त्या चोरट्याक दिलंस?"

"बाबा, चुकलंच माझं. पण पुढच्या भागात घोगऱ्या हरतो. कातळ आपले कान दगडाने बुजवून टाकतो."

राजाराम म्हणाले, "मगे तेका खऱ्या आवशीची हाकय ऐकाक येवची नाय."

दुसऱ्या दिवशी श्रुतिकाने मिहिरला सांगितलं, "तो कान बुजवायचा भाग मी रंगवणार नाही. आणि आधीच्या भागातलं 'बाबल्या' हे नाव बदल."

"आता? लोकांच्या तोंडी बसलंय ते, यार!"

मालिका दुसऱ्या चित्रकाराकडे गेली. त्याने कातळाचे कान बुजवले, आणि ती जोरात चालली.

हल्ली बिल्डिंगमधली पोरं जिन्यात लढाई खेळतात. "बाबल्या, दार उघड रे!" अशी आरोळी आली की राजाराम हातातला घास ताटात ठेवतात. एकदा श्रुतिका बाहेर जाऊन पोरांवर ओरडली.

"पण ताई," त्यातली एक चिमुरडी गोंधळून म्हणाली, "हे तर तुम्हीच लिहिलंय ना?"

श्रुतिका आत आली. राजाराम ताटावरून उठले होते.