पुरे म्हणेपर्यंत

मंगळवारी सकाळी माझी पत्नी इस्पितळात वारली. चौदाव्या दिवशी मी सातपूरच्या कारखान्यात कामावर हजर झालो. बसमध्ये खिडकीकडची जागा मी सवयीनं मोकळी सोडली. तिथे एक कामगार येऊन बसला.

ती आणि मी, दोघंही कारखान्याच्या प्रयोगशाळेत होतो. लॅटेक्सचं पांढरं द्रावण पिंपांतून यायचं. सगळे त्याला दूधच म्हणायचे. त्यातले कण इतके बारीक की सूक्ष्मदर्शकातही धड दिसत नसत. ते एकमेकांना चिकटवून एकाच मापाचे मोठे कण करायचे, हे तिचं काम. दोन वर्षं ती त्याच्या मागे होती.

दूध ढवळत ठेवायचं आणि ब्युरेटच्या तोटीच्या काचनळीतून मिठाचं पाणी थेंबाथेंबानं सोडायचं. कण जमू लागतात. हव्या मापाचे झाले की लगेच साबणाचं पाणी ओतायचं, म्हणजे वाढ थांबते. उशीर झाला तर सगळ्याचा गोळा. प्रत्येक पिंपातलं दूध वेगळं, त्यामुळे मीठ किती लागेल ते आधी सांगता येत नसे. थेंब मी सोडायचो. ती पुन्हा पुन्हा काचपट्टीवर नमुना घेऊन बघायची आणि म्हणायची, "पुरे." माझा हात रेंगाळला तर, "अहो, पुरे म्हटलं ना! खिरीत साखर घालताय का?"

"खीर असती तर खायला तरी मिळाली असती," मी म्हणायचो.

साहेबांनी आधीच बजावलं होतं, या महिन्यात एकसारखा माल दाखवा, नाहीतर हे काम बंद. म्हणून कामावर परतलो त्याच दिवशी मी एकट्यानं दूध ढवळायला लावलं. तिची वही उघडून ठेवली. थेंबही मीच सोडत होतो, पट्ट्याही मीच बघत होतो. दुपारी एका पट्टीवर ते दिसले. गोल, सारखे, तिला हवे होते तसे.

मी ब्युरेटपाशी परत आलो. तोटी चालूच होती. साबणाचं पाणी हाताशी होतं. मी उभा राहिलो. ढवळायच्या मोटारीचा आवाज जड झाला तेव्हा कळलं, मी वाट बघत होतो. पुरे असं कोणी म्हणालं नव्हतं.

"काय हो, काय झालं?" पलीकडच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं विचारलं.

"दही लागलं."

तो हसला, मग माझ्याकडे बघून उठला आणि त्यानं मोटार बंद केली.

महिनाअखेरीस काम बंद झालं. वहीतली शेवटची नोंद माझ्या अक्षरात आहे. त्या गोळ्याचा एक तुकडा मी घरी आणला. तो माझ्या टेबलावर, त्या वहीवर ठेवलेला असतो.