बारा की दहा

नेमबाजीच्या रेंजवर कोणी नवा माणूस रायफलच्या नळीबद्दल विचारायला आला, की काका उजव्या हाताचं बोट हवेत हळूहळू गोल फिरवायचे. एक फेरा पुरा झाला, की बोट थांबायचं आणि काका म्हणायचे, "पोराले विचारून सांगतो."

नवा माणूस खूश होऊन जायचा. आम्ही जुने लोक मात्र आपापल्या बुटांकडे पाहत बसायचो, कारण काकांचा पोरगा जाऊन तीन दिवाळ्या झाल्या होत्या.

माझं आर्णीत टू-व्हीलर दुरुस्तीचं दुकान आहे. रविवारी मात्र नेमबाजी. बायको म्हणते, "हात काळे होतात ते कमी पडते काय, खांदाही काळानिळा करून आणता?" काका जवळच्या बंजारा तांड्यावरचे. फौजेतून परत आले, कापूस-तूर करू लागले, पण रायफल काही सुटली नाही. पोरालाही त्यांनीच तयार केलं. आणि त्याच पोराशी त्यांचं कधी पटलं नाही.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी सांगतो. रायफलच्या नळीला आतून पीळ असतो. त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. बारा म्हणजे बारा इंचांत एक फेरा, दहा म्हणजे दहा इंचांत. दहाचा पीळ जास्त घट्ट. लांब, जड गोळीला घट्ट पीळ लागतो, नाहीतर दूर जाऊन ती डगमगते आणि निशाणाच्या कागदात आडवी घुसते. बस, एवढंच. पण या एवढ्याशावरून बापलेकांची वर्षभर जुंपलेली असायची.

"बाराच ठेव," काका म्हणायचे. "आपली रेंज तीनशे मीटरची. हलकी गोळी मस्त जाते. मी जिंदगी काढली त्याच्यावर."

"बाबा, मले सहाशेवर जायचं हाय. तिथं हलकी गोळी तुमचं नाही, हवेचं आयकते. दहाच पाहिजे."

"लई शहाना झाला बे!"

रायफलची नळी बदलायला आली होती. एका रविवारी पोरगा अडूनच बसला. "आज सांगाच. मिस्त्रीले फोन लावाचा हाय. बारा की दहा?"

"संध्याकाळी सांगतो. जाय आता."

पोरगा मोटारसायकल काढून घाटंजीकडे गेला. वाटेत ट्रकनं उडवलं. संध्याकाळ काही झालीच नाही.

त्यानंतर काका रेंजवर येत राहिले, जुन्याच नळीवर. झिजून झिजून तिचा नेम पार गेला होता, तरी नवी घेईनात. आल्यावर आधी स्वतःच्या डाव्या हाताला पोराची चटई अंथरायचे. मग स्वतःची. वारा उठला, की मान डावीकडे वळवून हळूच काहीतरी बोलायचे आणि थांबायचे. ऐकत असल्यासारखे! तुम्ही तिथं असता, तर तुम्हीही त्या चटईकडे पाहिलं असतं. मी पाहायचो. एकदा कोणीतरी चुकून तिच्यावर आडवा झाला, तर काका शांतपणे म्हणाले, "तिथं नोको बाप्पा. येऊन राह्यला तो."

त्यांची बायको या सगळ्यानं खचली होती. तांड्यावर आईला याडी म्हणतात, आम्हीही तिला याडीच म्हणायचो. दिवाळीला त्यांच्याकडे धबुकार असतो. निखाऱ्यावर लापशी आणि तूप घालायचं आणि गेलेल्या माणसांची नावं घ्यायची. काका आज्या-पणज्यांची नावं घेत, पोराच्या नावाशी आले की उठून जात.

"तीन साल झाले, पोराले घास नाही," याडी माझ्याजवळ रडली. "त्याले भूक लागत असन ना रे?"

मी काकांशी बोललो. ते चिडले. "नाव घेतलं म्हनजे गेला तो. मी संध्याकाळी सांगतो म्हनलं होतं. जवाब देल्याबिगर जेवाले बसवू काय त्याले?"

त्या दिवाळीला मात्र याडीनंही ताट घेतलं नाही. दिवसभर उपाशी. शेवटी काका निखाऱ्यापुढे बसले, पोराचं नाव घेतलं, घास घातला आणि म्हणाले, "दहा." दुसऱ्या दिवशी त्यांनी मिस्त्रीला फोन लावला.

संक्रांतीनंतर रायफल नव्या नळीची होऊन आली. मी ती धरून बसलो. काकांनी नळी साफ करायच्या गजाला घट्ट चिंधी गुंडाळली आणि तो नळीत सरकवला. गज आपला आपणच पिळाबरोबर फिरू लागला. एक फेरा होताच त्यांनी खूण केली, मोजलं. बरोबर दहा.

मग आम्ही जिल्ह्याबाहेरच्या सहाशेच्या रेंजवर गेलो. त्या दिवशी वारा भयंकर होता. काकांनी लांब, जड गोळ्या मारल्या. कागद आणून पाहिला, तर सगळी भोकं गोल, एका ताटलीखाली झाकतील एवढी जवळ. मी तर ओरडलोच. काका लहान पोरासारखे हसले. "पोट्टं बरोबर होतं!" आणि सांगायला झटकन डावीकडे वळले.

धबुकारानंतर त्यांनी चटई आणणं सोडलं होतं. तिथं नुसती माती होती.

काकांनी मला विचारलं, "आता त्याले काय विचारू?"



काका परत रेंजवर आले नाहीत. उन्हाळ्यात झोपेतच गेले. रायफल पोलीस ठाण्यात जमा झाली.

या दिवाळीला याडीनं मला बोलावलं. घास घालायला घरात आता पुरुष उरला नाही, म्हणून निखाऱ्यापुढे तीच बसली होती. हातात लापशी घेऊन थांबली.

"दोघायच्या नावानं एकच घास घालू काय रे?"

"नाही याडी," मी म्हणालो, "वेगळे घाल. भांडू दे त्यांना."