भरती हाय म्हणली

मागच्या आठवड्यातला मंगळवार. शाळेतली खिचडी वाटून, भांडी घासून दीडच्या सुमाराला घरी आले, तर सासूबाई दारातच उभ्या. चार्जिंगला लावून गेलेला माझा मोबाईल त्यांच्या हातात... तापलेलं भांडं धरावं तसा लांब धरलेला.

"प्रज्ञाच्या कॅम्पातल्या बाईचा फोन आलता," त्या म्हणाल्या. "भरती हाय म्हणली. पोरीचा फोन लागणार न्हाई, काळजी करू नका म्हणली."

"कुणाला भरती केलंय, आत्या?"

"आवाज तुटत हुता गं. तेवढंच कळलं."

प्रज्ञा माझी एकुलती एक. अकरावीला आहे. कॉलेजच्या मॅडमनी तिचं नाव कोकणातल्या एका शिबिराला दिलं होतं... आठ दिवस समुद्रकिनारी राहायचं, कासवांच्या घरट्यांवर लक्ष ठेवायचं, खडकात अडकलेली तुटकी जाळी आणि प्लास्टिक गोळा करायचं. आणि परत येऊन आपल्या गावातल्या मुलांना ते सगळं सांगायचं.

आमच्या गावात, चौसाळ्यात, लोक यावर पोटभर हसले. माझे दीर तर म्हणाले, "आपल्या नळाला आठ दिवसानं पाणी, अन् ही चालली समुद्र वाचवायला!" प्रज्ञा म्हणाली, "काका, आपण नदीत टाकलेली पिशवी शेवटी समुद्रातच जाते." मग ते माझ्याकडे वळले. "वहिनी, उद्या काही झालं तर मला सांगू नका." संमतीपत्रावर सही माझी एकटीची होती.

थोडं मागचं सांगते. सहा वर्षांपूर्वी प्रज्ञाचे पप्पा भर पावसात घरी येत होते. नदीच्या पुलावरून पाणी वाहत होतं. अलीकडे चार माणसं उभी होती, पण अडवलं कुणी नाही... यांनी गाडी घातली. लोकांनी बाहेर काढलं. मला फोन आला तो एवढाच, 'भरती केलंय, काळजी करू नका.' मी बीडला पोचले तेव्हा काळजी करायला काही उरलं नव्हतं.

तेच शब्द परत आले होते.

प्रज्ञाला फोन लावला... संपर्क क्षेत्राबाहेर. कॅम्पातल्या ताईंना लावला... तेच. किती वेळा लावला, आठवत नाही.

दीर आले. "म्हणलं व्हतं का न्हाई? कावून पाठवलं तिला?" ते माझ्यावर ओरडत होते, पण त्यांची बोटं मोबाईलमध्ये जीपवाल्याचा नंबर शोधत होती.

दवाखान्यात काय काय लागतं ते मला पाठ आहे. आधार कार्ड, झेरॉक्स, टॉवेल, तांब्या, एक जुनं पातळ. त्या वेळी रेशन कार्ड घरी राहिलं होतं. या वेळी पिशवीत पहिलं तेच घातलं. आत्या बुद्धांच्या फोटोसमोर जाऊन बसल्या होत्या.

जीप दारात लागायला पावणेचार झाले. मी पिशवी उचलली आणि फोन वाजला.

"मम्मी! अगं, एवढे मिस्ड कॉल?"

"कुठल्या दवाखान्यात हायस?"

"कसला दवाखाना?"

"तुला भरती केलंय ना?"

ती हसायलाच लागली. "अगं, समुद्राची भरती! पाणी चढलं म्हणून आम्ही खाडीच्या पलीकडं अडकलो होतो."

मी पिशवी खाली ठेवली. सातवीला शाळा सुटली, पण पुढे हाताला लागेल ते मी वाचत आले. भरती-ओहोटी पुस्तकांत शंभरदा वाचली असेल... पण फोनवर आली तेव्हा ती मला ओळखूच आली नाही.

दिरांनी फोन ओढून घेतला, स्पीकर लावला. "अन् मग ते पाणी उतरतं का आपुआप?"

"हो काका. दिवसातून दोनदा येतं, दोनदा जातं."

"रोज?"

"आमच्या नळाला सांगा की हे," बाहेरून जीपवाला म्हणाला. आत्या पदर तोंडाला लावून हसल्या... की रडल्या, मला कळलं नाही.

पुढची गोष्ट प्रज्ञाने रविवारी घरी आल्यावर सांगितली. परत निघताना पाणी गुडघ्याएवढंच दिसत होतं. चपला हातात घेऊन ती सगळ्यांच्या पुढे पाण्यात उतरलीसुद्धा होती. तेवढ्यात शिंपले गोळा करून निघालेल्या एका मावशीनं पाटी खाली ठेवली, पाण्यात शिरून हिचा दंड धरला आणि हिला मागे ओढलं. "पाणी उतरू दे, मग जा," म्हणाली.

ताई टेकडीवर चढून एकेका घरी फोन लावत होत्या, तोवर मावशी मुलींजवळ बसून राहिली. पाणी कुठवर चढतं ते खडकावरच्या काळ्या रेघेवरून कसं ओळखायचं, हे तिनं त्यांना दाखवलं. "मम्मी, मी एकटी असते तर गेलेच असते," प्रज्ञा म्हणाली. मी भाकरी थापत होते. तव्यावरची करपून गेली.

काल ती आमच्या शाळेतल्या मुलांना घेऊन नदीवर गेली. पावसाळ्याआधी प्लास्टिक काढायचं म्हणून. दोन पोती भरली. नंतर मुलांनी पुलाच्या खांबावर लाल रंगाने धोक्याची एक आडवी रेघ मारली आणि कठड्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं.

मावशी, पोरीनं तुमचं नाव विचारलंच नाही. ही पोस्ट तुमच्यापर्यंत पोचेल असंही वाटत नाही. पण तुमचं वाक्य आता आमच्या पुलावर आहे. सहा वर्षं मी तो पूल मान खाली घालून ओलांडत होते... काल पहिल्यांदा थांबले, आणि वाचलं.

पाणी उतरू दे, मग जा.