धाकट्या भावाची जीप
जळक्या तेलाचा वास आला की कृष्णपुऱ्याचं ते गॅरेज आठवतं. धाकट्या भावाने जोर वाढवायला बाहेरून टर्बो बसवून घेतलेली आपली जुनी जीप मला विकली. त्याच गाडीने मी जेवणाचे डबे पोचवायची, आणि महिन्यातच ती निळा धूर ओकू लागली. "ताई, तुला चालवताच येत नाही," भाऊ म्हणाला. मी त्याला शेजारी बसवून निघाले, आणि कृष्णपुऱ्यात तो "इथे नको" म्हणत असतानाही गाडी समोर दिसलेल्या गॅरेजात घातली. मिस्त्री त्याला बघून हसला, "भिया, बोला था ना, टर्बो तेल पी रहा है? धुआँ छुपाने को गाढ़ा तेल डलवा ले गए आप!" मी टर्बो काढायला लावला. जीप मंदावली, पण टिकली. भाऊबीजेला भावाला आजही ओवाळते. त्याने दिलेली साडी मात्र त्याच्यासमोरच पूर्ण उलगडून बघते.